दरवर्षी एकच बॅटरी का बसते? मासेमारी नौकेवरील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरातील यांत्रिक मासेमारी नौकेचे आहे. नौकेचे, मालकांचे आणि बंदराचे नाव येथे दिलेले नाही. सुमारे पंधरा मीटर लांबीची ही ट्रॉलर एका फेरीत तीन ते चार दिवस समुद्रात राहते. तिचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन २४ व्होल्टच्या सेल्फवर सुरू होते आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १५० अँपिअर-तासांच्या (बॅटरीत किती वीज मावते याचे माप), पाणी घालावे लागणाऱ्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. इंजिनावरचा अल्टरनेटर, ज्याला बंदरावर सगळे डायनामोच म्हणतात, ही जोडी २४ व्होल्टवर चार्ज करतो.

वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर, ट्रान्सपाँडर, डेकवरचे दिवे आणि खलाशांचा टेप ही इतर सगळी उपकरणे मात्र १२ व्होल्टवर चालतात. जोडी २४ व्होल्टची असताना १२ व्होल्ट कोठून आणायचे, या प्रश्नाला किनाऱ्यावर सर्रास दिले जाणारे उत्तर या नौकेवरही दिलेले होते: दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या केबलवरून एक वायर काढलेली होती. ज्या बॅटरीचे ऋण टोक इंजिनाच्या लोखंडाला जोडलेले आहे तिला या लेखात ‘खालची’ आणि दुसरीला ‘वरची’ म्हटले आहे. प्रत्यक्षात दोन्ही इंजिनरूममध्ये शेजारीशेजारीच ठेवलेल्या होत्या. मधून वायर काढल्यावर १२ व्होल्टचा सगळा भार एकट्या खालच्या बॅटरीवर पडतो, ही या प्रकरणातील कळीची गोष्ट आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात नौका वर ओढून शाकारली जाई आणि बॅटऱ्या तिच्यावर जोडलेल्या अवस्थेतच राहत. ऑगस्टमध्ये त्या चार्ज करून पुन्हा कामाला लावल्या जात.

अडचण

मालकांनी दोन हंगाम आधी बॅटऱ्यांची नवी जोडी घेतली होती. वर्षभरात खालची बॅटरी बसली, म्हणून फक्त तीच बदलली. पुढच्या हंगामात ऑक्टोबरमध्ये, पंख्यात अडकलेला दोर काढण्यासाठी रात्री इंजिन बंद केले आणि नंतर ते सुरूच झाले नाही. सेल्फ एकदा अर्धवट फिरला आणि थांबला. मदतीसाठी वायरलेसचे बटण दाबले की संच बंद पडू लागला, कारण २५ वॅटच्या वायरलेसला ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज लागत असली तरी बोलताना ती पाच-सहा अँपिअरपर्यंत जाते आणि थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळतो. शेवटी बॅटरीच्या (टॉर्चच्या) उजेडाने जवळच्या नौकेचे लक्ष वेधून, दोर लावून, नौका बंदरात आणावी लागली.

मासळीचे नुकसान झाले, परंतु त्याहून गंभीर बाब ही की जी बॅटरी इंजिन सुरू करते तीच संकटाचा संदेशही पाठवते, आणि दोन्ही एकाच वेळी गेली. मला हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते ते त्यामुळेच.

बॅटरीच्या दुकानात दोन्ही बॅटऱ्या जोडीनेच, २४ व्होल्टच्या चार्जरवर, रात्रभर लावल्या गेल्या. सकाळी चार्जर काढल्यानंतर लगेच मीटर लावला असता दोन्हींवर १२.६ व्होल्टच्या वर आकडा दिसला आणि हातातल्या डिजिटल टेस्टरनेही त्या चांगल्या असल्याचे सांगितले. पुढच्याच फेरीत दुसऱ्या रात्री वायरलेसवर कमी व्होल्टेजची सूचना येऊ लागली. दुकानदाराचे म्हणणे असे की बॅटरीत दोष नाही, खलाशी टेप फार लावतात. नौका चालवणाऱ्या तांडेलांचे म्हणणे वेगळे होते: “शेठ, दरवर्षी इंजिनाकडचीच बॅटरी बसते. पलीकडचीला नुसतं पाणी लागतं.”

इंजिनाकडची म्हणजे खालची. या एका वाक्यात दोषाची दोन्ही लक्षणे होती. बॅटरी सदोष असती, तर दरवेळी त्याच जागेवरची बॅटरी जाण्याचे कारण नव्हते. दोष त्या जागेत होता.

तपासणी

पहिला निर्णय असा झाला की जोडीचे एकत्र मोजमाप करायचे नाही. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून व नौकेच्या वायरिंगपासून सोडवल्या आणि रात्रभर तशाच राहू दिल्या. चार्जर काढल्याबरोबर दिसणारा व्होल्टेज हा प्लेटींच्या पृष्ठभागावरचा असतो आणि तो काही तासांत उतरतो. दुकानातील आकडा फसवा ठरला तो येथे. सकाळी वरच्या बॅटरीवर १२.७८ व्होल्ट आणि खालचीवर १२.२१ व्होल्ट मिळाले. विसावलेल्या बॅटरीवर १२.७ च्या आसपासचा आकडा पूर्ण भरल्याचा, १२.४ हा साधारण पाऊण भरल्याचा आणि १२.२ हा निम्मी भरल्याचा समजतात. चार-पाच दशांश व्होल्टचा फरक पाहताना क्षुल्लक वाटतो, पण त्याचा अर्थ निम्मी बॅटरी असा होतो.

त्यानंतर बॅटरीतील प्रत्येक सेलची (कप्प्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची घनता, हायड्रोमीटरने घेतली; बॅटरी जितकी भरलेली तितका हा आकडा जास्त. खालच्या बॅटरीचे सहाही सेल ११८० ते १२०० च्या दरम्यान होते. एखादा सेल इतरांपेक्षा ५० किंवा अधिक अंकांनी मागे असता, तर तो आतून शॉर्ट झाल्याचा किंवा मरत असल्याचा संशय घ्यावा लागला असता आणि त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ उरला नसता. येथे सगळे सेल सारखेच खाली होते, म्हणजे ही बॅटरी मोडलेली नव्हती. तिला कधीच पुरेसे भरले गेलेले नव्हते. वरच्या बॅटरीत पाणी प्लेटींच्या कडेपर्यंत उतरलेले होते आणि ग्रॅव्हिटी १२८० च्या पुढे दाखवत होती. हा आकडा चांगल्या तब्येतीचा मानण्याची चूक सहज होते. पाणी उडून गेले की उरलेले आम्ल तीव्र होते आणि ग्रॅव्हिटी फुगते. शिवाय इंजिनरूममधील उष्णतेचाही हिशेब धरावा लागतो, कारण दर १० अंश सेल्सिअसला ग्रॅव्हिटीचे वाचन सुमारे ७ अंकांनी सरकते.

तिसरी पायरी इंजिन चालू ठेवून मोजण्याची होती आणि मूळ कारण तेथे उघडे पडले. बॅटऱ्या पुन्हा जोडून, नेहमीची सगळी उपकरणे लावून, इंजिन दीड तास चालवले. जोडीवर एकूण २८.२ व्होल्ट होते, म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करत होता. परंतु वरच्या बॅटरीवर १५.४ आणि खालचीवर फक्त १२.८ व्होल्ट होते. वायरीभोवती लावून प्रवाह मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला असता वरच्या बॅटरीतून सुमारे सहा अँपिअर जात होते आणि खालच्या बॅटरीत जाणारा प्रवाह जवळजवळ शून्य होता.

मूळ कारण

अल्टरनेटरमधील रेग्युलेटर फक्त बेरीज पाहतो. बेरीज २८.२ झाली की त्याच्या लेखी जोडी भरली. ती १४.१ आणि १४.१ अशी आहे की १५.४ आणि १२.८ अशी आहे, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नाही. मधून काढलेल्या वायरीमुळे वरच्या बॅटरीतून आलेला प्रवाह मधल्या केबलपाशी पोहोचताच १२ व्होल्टच्या उपकरणांकडे वळत होता आणि खालच्या बॅटरीला उरलेसुरले मिळत होते. म्हणून रात्रभर इंजिन चालू असूनही ती बॅटरी भरत नसे, आणि इंजिन बंद होताच तीच एकटी सगळा भार वाहत असे. जास्त वेळ इंजिन चालवून हा दोष सुटत नाही, उलट वाढतो, ही गोष्ट तांडेलांना आणि मालकांना पटवून देण्यात सर्वाधिक वेळ गेला, कारण ‘इंजिन चालू म्हणजे चार्जिंग चालू’ हा समज पक्का असतो.

वरच्या बॅटरीला लागणाऱ्या पाण्याचाही उलगडा यातून झाला. भरलेल्या बॅटरीत ढकललेला प्रत्येक अँपिअर-तास एका सेलमधील सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाण्याचे विघटन करतो. पाच अँपिअर दहा तास वाहिले, तर सहा सेल मिळून सुमारे १०० मिलिलिटर पाणी वायू होऊन निघून जाते. त्या वायूत हायड्रोजन असतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद इंजिनरूममध्ये हा धोका दोन वर्षे रोज निर्माण होत होता.

दुसरे कारण बंदीच्या काळातले निघाले. सगळे स्विच बंद केल्यावरही मधल्या वायरीवरून ०.१ अँपिअर जात असल्याचे आढळले, कारण काही उपकरणे मुख्य स्विचच्या अलीकडून थेट जोडलेली होती. एवढासा प्रवाह ६१ दिवसांत १४६ अँपिअर-तास, म्हणजे जवळपास एक अख्खी बॅटरी, रिकामी करतो. बॅटरी वापरताना प्लेटींवर तयार होणारे लेड सल्फेट चार्जिंगने परत विरघळते. पण तीच बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहिली की त्याचे खडे मोठे आणि कडक होतात, आणि ते प्रत्येक चार्जिंगनंतर थोडे थोडे शिल्लक राहू लागतात. तेवढी प्लेट कायमची निकामी होते.

क्षमता प्रत्यक्षात किती उरली?

येथवर दोष समजला होता, पण बॅटऱ्यांची क्षमता किती उरली आहे हे कळले नव्हते. व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी बॅटरी किती भरली आहे ते सांगतात. तिच्यात किती मावते ते सांगत नाहीत. गाळ साचलेली विहीरही काठोकाठ भरलेली दिसते. हातातला डिजिटल टेस्टर आतील वाहकता मोजून सेल्फ फिरवण्याच्या ताकदीचा अंदाज देतो, मात्र तासन्‌तास दिवे आणि वायरलेस चालवण्याची क्षमता त्यावरून ठरवता येत नाही.

त्यासाठी बॅटरी आधी पूर्ण भरणे आवश्यक होते. दोन्ही बॅटऱ्या धक्क्यावरच्या शेडमध्ये नेऊन १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या लावल्या. वरचीत प्लेटी जेमतेम बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घातले आणि उरलेले चार्जिंगनंतर, कारण चार्ज होताना पातळी वर येते व आधीच काठापर्यंत भरल्यास आम्ल बाहेर पडते. खालचीला १५ अँपिअरने १४.६ व्होल्टपर्यंत नेले. तिची ग्रॅव्हिटी १२३५ वर अडली. या टप्प्यावर काही कारागीर आम्ल घालून आकडा वाढवतात. ते कटाक्षाने टाळले, कारण आम्ल पाण्याबरोबर उडत नाही. ते सल्फेटच्या रूपात प्लेटींवर अडकलेले असते आणि वरून घातलेले आम्ल प्लेटी आणखी खाते. त्याऐवजी झाकणे सैल करून, उघड्यावर, आम्लाचे तापमान ४५ अंशांवर जाऊ न देता, १५.८ व्होल्टवर सहा-सात अँपिअरचा संथ प्रवाह काही तास दिला. दर तासाच्या वाचनात ग्रॅव्हिटी हळूहळू चढत १२५५ वर स्थिरावली. लागोपाठ तीन वाचने सारखी आल्यावर थांबवले.

मग भार लावून चाचणी घेतली. १५० अँपिअर-तास हा आकडा वीस तासांच्या दराने दिलेला असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने वीस तासांनी बॅटरी १०.५ व्होल्टवर यावी. मोटारीचे २१ वॅटचे चार बल्ब समांतर जोडले की सुमारे सात अँपिअरचा भार मिळतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दर तासाला व्होल्टेज आणि प्रवाह लिहून ठेवला. वरची बॅटरी पंधरा तासांनी १०.५ व्होल्टवर आली, म्हणजे सुमारे १०५ अँपिअर-तास, छापील क्षमतेच्या ७० टक्के. खालची साडेअकरा तासांत संपली: ८० अँपिअर-तास, म्हणजे ५४ टक्के, आणि तेही पुनरुज्जीवनानंतर. ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी सर्वसाधारणपणे आयुष्य संपल्याची मानली जाते. चाचणी संपताच दोन्ही लगेच पुन्हा चार्जवर लावल्या. रिकामी बॅटरी सकाळपर्यंत ठेवली, तर ज्या सल्फेटशी झगडलो तेच पुन्हा धरते.

विचारात घेतलेले पर्याय

फक्त खालची बॅटरी बदलणे सर्वांत स्वस्त होते, पण दोष तसाच राहिला असता आणि एकामागे एक जोडलेल्या जोडीत नवी व जुनी बॅटरी कधीच सारखी भरत नाही. दोन्ही बदलून मधली वायर तशीच ठेवणे म्हणजे तोच खर्च पुढच्या वर्षी पुन्हा करणे.

दोन बॅटऱ्यांमधील व्होल्टेज सारखा ठेवणारा इक्वलायझर बसवणे हा तिसरा पर्याय होता. त्यात मधली वायर ठेवता येते. मात्र उपकरण १२ व्होल्टच्या पूर्ण भाराहून मोठे असावे लागते, आणि ते बंद पडले तरी दिवे चालूच राहत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्रावरच्या यंत्रणेत असा मूक बिघाड मला मान्य नाही.

चौथा पर्याय २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावण्याचा होता. भार दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा पडतो, खर्च मध्यम आणि काम एका दिवसाचे. उणीव अशी की रात्रीचे दिवे इंजिनाच्याच बॅटऱ्यांवर चालतात.

पाचवा पर्याय १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी ठेवून ती २४ व्होल्टवरून चालणाऱ्या चार्जरने भरण्याचा होता. तो सर्वांत खर्चिक, पण इंजिनाची बॅटरी आणि दिव्यांची बॅटरी पूर्ण वेगळ्या करणारा होता. लिथियमचा विचार थोडक्यात झाला आणि मागे पडला, कारण अल्टरनेटर, केबल व संरक्षण अशी सगळीच मांडणी त्यासाठी बदलावी लागली असती.

केलेली कामे

ऑक्टोबर हा भर हंगाम असतो आणि धक्क्याला बांधलेली नौका रोज पैसा खाते. मालकांनी चौथा पर्याय निवडला. मधली वायर काढून टाकली, २० अँपिअरचा कन्व्हर्टर बसवला, हिरवट गंज चढलेले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) कापून नवे दाबून बसवले आणि जुनीच जोडी परत लावली. ही व्यवस्था तात्पुरती आहे हे स्पष्ट सांगितलेले होते. दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज सुकाणूजवळ सतत दिसावा म्हणून दोन छोटे मीटर लावले.

जोडी आता समान चार्ज होत होती, पण एका पहाटे, रात्रभर नांगरावर थांबल्यानंतर, सेल्फ जड फिरला. मीटरवर सेल्फच्या क्षणी वरची १०.९ आणि खालची ८.१ व्होल्टवर आलेली तांडेलांनी पाहिली आणि टिपून ठेवली. इंजिन सुरू झाले, तरी त्या आकड्याने निर्णय झाला. इंजिनासाठी एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन नव्या बॅटऱ्या आणल्या. ७० टक्के क्षमतेची वरची जुनी बॅटरी दिवे व उपकरणांसाठी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी म्हणून ठेवली आणि कन्व्हर्टरच्या जागी १४.४ व्होल्टपर्यंत भरणारा चार्जर लावला, जो इंजिन चालू असतानाच काम करतो. ५४ टक्क्यांची बॅटरी दुकानात बदल्यात जमा केली. डेकवरचे हॅलोजन काढून एलईडी लावल्याने रात्रीचा भार सहा अँपिअरवरून चारवर आला. दहा तासांच्या रात्रीला ४० अँपिअर-तास लागतात आणि १०५ मधून ते आरामात निघतात. वायरलेसला एका स्विचने इंजिनाच्या जोडीवरूनही, जुन्या कन्व्हर्टरमार्गे, वीज घेता येईल अशी सोय केली.

बॅटऱ्यांचा खोका बिल्जपासून, म्हणजे नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या जागेपासून, वर उचलला. समुद्राचे पाणी आम्लात गेले की क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो, हे इंजिनरूममध्ये झोपणाऱ्या प्रत्येक खलाशाला माहीत असले पाहिजे.

परिणाम

३१ मेपर्यंत सेल्फची तक्रार आली नाही. पूर्वी प्रत्येक फेरीनंतर पाणी मागणाऱ्या वरच्या बॅटरीच्या जागी आता महिन्यातून एकदा पातळी पाहणे पुरते. नव्या जोडीतील दोन्ही बॅटऱ्यांच्या ग्रॅव्हिटीत १० अंकांहून अधिक फरक हंगामभरात दिसला नाही. जुन्या बॅटरीची बल्बची चाचणी हंगामाच्या अखेरीस पुन्हा घेतली, तेव्हा ती सुमारे चौदा तास चालली.

बंदीच्या काळात तिन्ही बॅटऱ्या घरी आणल्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बाहेरून पुसल्या, पूर्ण भरल्या आणि मोकळ्या ठेवल्या. सिमेंटच्या जमिनीवर बॅटरी उतरते म्हणून त्या फळीवर ठेवण्याचा आग्रह झाला. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला त्याची गरज नाही, पण फळीने बिघडतही नाही. दर महिन्याला एकदा चार्जर लावण्याचे काम मालकांच्या मुलीने अंगावर घेतले आणि वहीत तारीख, व्होल्टेज व ग्रॅव्हिटी नोंदवली. ऑगस्टमध्ये तिन्ही बॅटऱ्या १२.६ व्होल्टच्या वर होत्या.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू पहिल्या वर्षीचा होता. खालची बॅटरी बसली तेव्हा ‘बॅटरी खराब निघाली’ असे म्हणण्याआधी इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर स्वतंत्रपणे मीटर धरला असता, तर पाच मिनिटांत १५ आणि १३ चा फरक दिसला असता. त्याला सामान्य मल्टीमीटर पुरतो. दुसरे म्हणजे दुकानात बॅटऱ्या सुट्या करून चार्ज करायला हव्या होत्या. जोडीने चार्ज केल्याने समुद्रावरचा असमतोल जमिनीवरही कायम राहिला.

कन्व्हर्टरबाबत मतभेद राहू शकतो. थेट पाचवा पर्याय घेतला असता, तर एक पहाट काळजीची गेली नसती आणि मजुरी एकदाच लागली असती. उलट बाजूने पाहता भर हंगामात तेवढी रक्कम एकदम उभी करणे मालकांना शक्य नव्हते आणि मधली वायर त्याच दिवशी निघाली हा मोठा लाभ होता. माझ्या मते अशा वेळी कन्व्हर्टर लावण्यास हरकत नाही, परंतु त्याच दिवशी त्याला कमी व्होल्टेजला तोडणारा कटऑफ जोडला पाहिजे, म्हणजे जोडीवर २४.४ व्होल्ट राहतील तेव्हाच दिवे बंद होतील आणि सेल्फपुरती वीज उरेल. तो येथे जोडलेला नव्हता.

बल्बची चाचणी वर्षातून एकदा, बंदी सुरू होण्याआधी घ्यावी. वारंवार पूर्ण रिकामी केल्याने बॅटरीचेच आयुष्य घटते, आणि जूनमध्ये निकाल हाती असला की नवी बॅटरी घेण्यासाठी दोन महिने मिळतात. याच बंदरातील आणखी काही नौकांवर मधून काढलेली वायर आजही आहे. त्यांच्या मालकांशी बोलणे सुरू आहे.